ओमाहा ते पिट्सबर्ग, व्हाया शिकागो

मुलगा अमेरिकेत, मुलगीही अमेरिकेत, आणि आईवडील पाच-सहा महिन्यांसाठी दोघांकडे राहायला निघालेले, हे चित्र आता आपल्याकडे गावोगाव दिसतं. मुंबईहून न्यूयॉर्कपर्यंत कसं जावं, बॅगेत काय भरावं, कागदपत्रं कोणती घ्यावीत, हे सांगायला दहाजणी पुढे येतात. पण तिथे पोचल्यावर मुलाच्या गावाहून लेकीच्या गावाला कसं जायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. सगळ्यांना वाटतं, त्यात काय मोठंसं? अमेरिकाच ती! विमानं आपल्या एस.टी.सारखी सुटत असतील. सुटतात खरी. पण एस.टी.सारखीच ती मधल्या गावाला उतरवूनही देतात, आणि खरा प्रवास असतो तो त्या मधल्या गावातला.

आम्ही राहतो नेब्रास्का राज्यात, ओमाहाला. शहर ना फार मोठं ना छोटं, वस्ती पाच लाखांच्या आतबाहेर. माझी नणंद राहते पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्गला. ते वस्तीने आमच्याहूनही लहान. गेल्या हिवाळ्यात वन्संचं गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलं. फेब्रुवारीतला गुरुवार मिळाला. घरात दोन मुलं, धाकटा तर तीनच वर्षांचा. त्यांच्या यजमानांना रजा जेमतेम चार दिवसांची. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आलेल्या होत्या. वय ७१, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही सोबतीला, इंग्रजी वाचता येतं पण अक्षर अक्षर लावून. बातमी ऐकल्या ऐकल्या म्हणाल्या, "मी जाते. आई असताना लेकीने शेजारणीच्या हातचं कशाला खायचं?"

मी अर्धवेळ का होईना शाळेत शिकवते. सत्राच्या मध्यावर आठवडाभर रजा मिळण्याची सोय नव्हती. ह्यांचीही तीच गत. म्हणजे आईंना एकटीनेच जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, तर गुरुवारच्या आधी, धडधाकट, औषधांसकट पोचायचं होतं. त्यापुढचे दहा दिवस माझं दुसरं काही सुचलं नाही म्हणा ना. जे जमवलं ते तुमच्यासाठी लिहिते आहे. तुमची गावं वेगळी असतील, कोणाचं डी मॉइन असेल, कोणाचं रॅले असेल. पण तऱ्हा हीच.

आधी नकाशा उघडला. दोन्ही गावांत रस्त्याने नऊशे मैलांच्या आसपास अंतर, म्हणजे पुण्याहून दिल्लीच की! मोटारीने तेरा-चौदा तास, आणि तेही भर थंडीत. आगगाडी आहे, पण ती ओमाहाला दिवसातून एकदा, पहाटे पाचच्या सुमारास येते, शिकागोला उतरवते, आणि तिथे गाडी बदलून पिट्सबर्गला दुसऱ्या दिवशी पहाटे पोचायचं. शिवाय वेळेवर येईल तर शपथ. राहिलं विमान. थेट विमान काही केल्या सापडेना. तारीख बदलून पाहिली, वार बदलून पाहिला, नाहीच.

असं का, हे मला शाळेतल्या एका सहकारी बाईंनी समजावून सांगितलं, आणि नंतर मी वाचूनही काढलं. पूर्वी अमेरिकेत कुठल्या कंपनीने कुठल्या गावाहून कुठे विमान न्यायचं आणि भाडं किती घ्यायचं, हे एक सरकारी मंडळ ठरवत असे. १९७८ साली कायदा झाला आणि कंपन्या मोकळ्या सुटल्या. मग त्यांनी हिशेब केला: ओमाहाहून पिट्सबर्गला रोज जाणारे असतील किती? मूठभर. पण ओमाहाहून शिकागोला जाणारे, आणि शिकागोहून पुढे पन्नास गावांना जाणारे, असे सगळे एकत्र केले तर विमान भरतं. आपल्याकडे मनमाड, दौंड, कुर्डुवाडी ही जंक्शनं आहेत ना, तसंच हे. प्रत्येक कंपनीने आपापली जंक्शनं ठरवून टाकली. शिकागो, अटलांटा, डॅलस, शार्लट, डेट्रॉइट, डेन्व्हर.

गंमत अशी की पिट्सबर्ग हेही एके काळी असंच जंक्शन होतं. १९९२ साली तिथे भलामोठा विमानतळ बांधला, तो गावच्या माणसांसाठी कमी आणि विमान बदलणाऱ्यांसाठी जास्त. २००४ साली कंपनीने ते जंक्शन मोडलं. बाजारपेठ उठून गेलेल्या गावातल्या धर्मशाळेसारखी त्या इमारतीची अवस्था झाली. आता नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी, आटोपशीर इमारत सुरू झाली आहे. पूर्वी विमानातून उतरल्यावर सामान घ्यायला आतल्या छोट्या आगगाडीने जावं लागे, ते आता लागत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने हा केवढा फरक!

तर मधलं गाव निवडायचं होतं. तिकिटाच्या यादीत स्वस्त ते सगळ्यांत वर येतं, आणि आपला हात आपसूक तिकडे जातो. तिथेच थांबा. भाड्याकडे शेवटी बघा. आधी मधलं गाव बघा.

आमच्यापुढे तीन गावं होती. शार्लट दक्षिणेला. तिथे बर्फाची भीती कमी, विमानतळाची सगळी इमारत एका छपराखाली, आणि बसायला चक्क पांढऱ्या डुलत्या खुर्च्या! पण ओमाहाहून ते फार वळसा घालून. आईंना एका बैठकीत तीन तास बसवत नाही. दुसरं डेट्रॉइट. तिथे एक इमारत जवळजवळ मैलभर लांब आहे, आणि तिच्या आतच छोटी आगगाडी धावते. सोय उत्तम. पण तिथे एक खोच आहे, ती अशी.

अमेरिकेत देशभर एक वेळ नाही. आमच्या ओमाहाचं घड्याळ आणि शिकागोचं घड्याळ एक. डेट्रॉइट आणि पिट्सबर्गचं घड्याळ एक तास पुढे. तिकिटावर प्रत्येक गावाची वेळ त्या गावच्या घड्याळाची छापतात. म्हणजे डेट्रॉइटला उतरणाऱ्या बाईच्या मनगटावर ओमाहाची वेळ असेल, तर तिला वाटणार, अजून तास आहे, जरा पाय मोकळे करू. आणि विमान गेलेलं! शिकागोहून गेलं तर हा तास दुसऱ्या विमानात, वरच्या वर बदलतो. उतरलं की लेक समोर. मग घड्याळ मागे असो की पुढे, काय बिघडतं? मी हे आईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग शिकागोच बरं. घड्याळाशी भांडायला मला सवड नाही."

शिकागोच्या बाजूने आणखी दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे ते जवळजवळ मधोमध आहे; ओमाहाहून चारशे मैल आणि तिथून पिट्सबर्गही चारशे मैल, दोन्ही उड्डाणं दीड दीड तासाची. तिथून पिट्सबर्गला दिवसातून बरीच विमानं असतात, एक चुकलं तर दुसरं मिळतं. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटली. शिकागोच्या उपनगरात ह्यांची मावसबहीण राहते. रात्र काढायची पाळी आलीच तर तासाभरात येऊन आईंना घरी नेणारं कोणीतरी आपलं त्या गावात होतं. बर्फवादळामुळे विमान रद्द झालं तर रात्रीच्या मुक्कामाची सोय करायला कंपनी बांधलेली नसते, हे पक्कं लक्षात ठेवा. कंपनीच्या स्वतःच्या कारणाने अडकलात तर बहुतेक कंपन्या हॉटेलची सोय करतात. पाऊस, वारा, बर्फ म्हटलं की हात वर. म्हणून मधल्या गावात आपलं माणूस असेल तर पन्नास डॉलर जास्त गेले तरी तेच गाव घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र शिकागोला विमानतळ दोन आहेत, ओहेअर आणि मिडवे. उतरायचं आणि चढायचं एकाच ठिकाणी आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं.

आता दोन विमानांमधला वेळ. कंपनी पाऊण तासाचीही जोड विकते. तरुण माणूस धावत पळत गाठतो. पण विमान सुटण्याआधी पंधरा मिनिटं दार बंद करतात. व्हीलचेअरवाल्या माणसाला विमानातून सगळ्यांत शेवटी उतरवतात, त्यात वीस मिनिटं गेली. मग पाऊण तासातलं उरलं काय? दहा मिनिटं! आम्ही सव्वादोन तासांची जोड घेतली. फार जास्तही नको हं. चार-पाच तास विमानतळावर बसून म्हातारं माणूस प्रवासापेक्षा जास्त दमतं.

आणि विमान सकाळचं घ्या. सकाळचं विमान बहुधा रात्रीच येऊन उभं राहिलेलं असतं. दिवस चढतो तसा एका विमानाचा उशीर पुढच्याला, त्याचा त्याच्या पुढच्याला, असा मुंबईच्या लोकलसारखा लागत जातो. संध्याकाळच्या शेवटच्या जोडीचं तिकीट कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. ते चुकलं की रात्र तिथेच. आम्ही सकाळी ७.०५ चं घेतलं. त्याहीआधी एक होतं, पण त्यासाठी आईंना तीन वाजता उठवावं लागलं असतं, आणि रिकाम्या पोटी मधुमेहाच्या गोळ्यांचा घोळ झाला असता.

वारही महत्त्वाचा. ऑपरेशन गुरुवारी, म्हणून बुधवारचं तिकीट? छे! मंगळवारचं काढलं. मधे एक दिवस मोकळा हवाच. लग्नाच्या मुहूर्ताला आपण वऱ्हाड आदल्या दिवशी पोचवतो, ते काय उगीच?

तिकीट काढताना चार गोष्टी तपासल्या, त्या सांगून टाकते. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच क्रमांकाखाली हवीत. दोन वेगळी तिकिटं जोडली तर थोडी स्वस्त पडतात, पण पहिल्याला उशीर होऊन दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नसतं. एका तिकिटावर असलं की पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी त्यांची, आणि सामानही परस्पर शेवटच्या गावी जातं. दुसरं, सगळ्यांत हलकं भाडं घ्यायचं नाही. त्यात बहुतेक ठिकाणी जागा निवडता येत नाही, तारीख बदलता येत नाही. तिसरं नावाचं. आपल्या बायकांच्या नावात नवऱ्याचं नाव मधे, आडनाव शेवटी. कधी पासपोर्टवर माहेरचं नावसुद्धा तसंच राहिलेलं. तिकिटावरचं नाव पासपोर्टबरहुकूम हवं, घरी काय हाक मारतात त्याचा तिथे उपयोग नाही. मे २०२५ पासून इथे देशांतर्गत विमानालाही ओळखपत्राची तपासणी कडक झाली आहे, पण आपला पासपोर्ट चालतो. मूळ हवा, झेरॉक्स चालत नाही. आणि चौथं म्हणजे, विमान सुटायला आठवड्याहून जास्त अवकाश असताना थेट कंपनीकडून तिकीट काढलं, तर चोवीस तासांच्या आत रद्द करून सगळे पैसे परत घेता येतात. तेव्हा काढल्यानंतर रात्री शांतपणे एकदा नाव, तारीख, गाव वाचून घ्या.

सामानाचं मला फार वाईट वाटलं. भारतातून येताना दोन मोठ्या बॅगा आणल्या म्हणून इथेही नेता येतील असं नाही. वेगळ्या काढलेल्या देशांतर्गत तिकिटावर पहिल्याच बॅगेला बहुतेक कंपन्या चाळीस डॉलरच्या आसपास घेतात, दुसरीला त्याहून जास्त. एक मोठी कंपनी दोन बॅगा फुकट नेत असे, तिनेही मे २०२५ च्या अखेरीस ती सवलत बंद केली. वजन २३ किलोंच्या आत. मी आईंची एकच बॅग भरली. दुसरीतल्या साड्या आणि चकलीचा सोऱ्या ओमाहातच राहिला. सोऱ्यावरून थोडं वाजलं, पण ते असो.

हातातल्या पिशवीत काय? इथे तपासणीत पातळ पदार्थ १०० मिलिलिटरच्या बाटलीपर्यंतच चालतात, आणि लोणचं, तूप, ओली चटणी, श्रीखंड हे सगळं त्यांच्या लेखी पातळच! ते मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. डिंकाचे लाडू, दशम्या, खाकरे हातात खुशाल न्यावेत. मेतकूट आणि भाजणी मात्र मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या पिशवीत साधारण पाव-तीनशे ग्रॅमच्या वर पीठ दिसलं की उघडून वेगळं तपासण्याची शक्यता असते. पातळ औषध १०० मिलिलिटरहून जास्त असलं तरी नेता येतं, फक्त आधी काढून दाखवायचं. विमानात जेवण मिळत नाही, पेयं आणि एखादं बिस्किटाचं पुडकं. मधुमेही माणसाबरोबर डबा हवाच.

औषधांसाठी वेगळी, गळ्यात अडकवता येईल अशी छोटी पिशवी करा. त्याला कारण आहे. ओमाहासारख्या गावाहून सुटणारी विमानं पुष्कळदा छोटी असतात, पन्नास-सत्तर आसनांची. वरच्या कप्प्यात चाकांची बॅग मावली नाही तर ती दारातच काढून घेतात आणि खाली पोटात टाकतात. त्या बॅगेत रक्तदाबाच्या गोळ्या असल्या की झाली पंचाईत. पासपोर्ट, गोळ्या, फोन, फोन नंबरांचा कागद आणि पाच पाच डॉलरच्या चार नोटा, एवढं अंगावरच्या पिशवीत. मी ती पिशवी जुन्या पैठणीच्या काठाची शिवली. आईंनी मग ती आनंदाने घातली.

दागिन्यांचं म्हणाल तर मंगळसूत्र, बांगड्या काढाव्या लागतातच असं नाही. यंत्राने आवाज केला तर हाताने तपासतात. बाईला बाईच तपासते, आणि बंद खोलीत तपासा असं सांगण्याचा आपल्याला हक्क आहे. चपला-बूट काढायला लावणं जुलै २०२५ पासून सर्वसाधारणपणे बंद झालं आहे.

आता सगळ्यांत नाजूक विषय. व्हीलचेअर. आईंनी ऐकल्याबरोबर पदर खोचला. "मी काय लुळीपांगळी आहे? पर्वती चढून येणारी बाई मी. लोक काय म्हणतील?" दोन दिवस बोलल्या नाहीत. शेवटी मी त्यांना ओहेअर विमानतळाचा नकाशा छापून दाखवला. कुठून कुठे जायचं ते बोटाने दाखवलं, दोन इमारतींच्या मधला तो जमिनीखालचा बोगदा दाखवला, रंगीत दिव्यांच्या नळ्यांचा, सरकत्या पट्ट्यांचा. म्हटलं, "आई, ही खुर्ची पायांसाठी नाही, वाटेसाठी आहे. खुर्ची ढकलणाऱ्याला वाट ठाऊक असते. फाटक ऐन वेळी बदललं तरी त्याला कळतं. आपल्याला विचारत बसायला नको." त्यावर त्यांनी बराच वेळ नकाशा पाहिला आणि म्हणाल्या, "म्हणजे वाटाड्याच तो!" वाटाड्या म्हटल्यावर मान्य झालं.

ही सोय फुकट असते, १९८६ च्या कायद्याने कंपनीला ती द्यावीच लागते. तिकिटात आधी नोंदवा, निदान दोन दिवस आधी पुन्हा फोन करून खात्री करा, आणि विमानतळावर गेल्यावर तिसऱ्यांदा सांगा. ढकलणाऱ्याच्या हातावर पाच डॉलर ठेवण्याची इथे रीत आहे. त्यासाठीच त्या चार नोटा. शिवाय कंपनीच्या खिडकीवर विनंती केली तर वृद्ध माणसाला पोचवायला घरच्या एकाला आत फाटकापर्यंत जाण्याचा पास मिळू शकतो. देणं न देणं त्यांच्या मर्जीवर. ओळखपत्र मात्र घेऊन जा. ह्यांना मिळाला.

मग घरात आमची शाळा भरली. रोज संध्याकाळी अर्धा तास. पिट्सबर्गची अक्षरं पी, आय, टी. शिकागोची ओ, आर, डी. आईंना पटेना, शिकागोत ओ आर डी कुठून आलं? तर त्या जागेचं जुनं नाव ऑर्चर्ड, त्यातली ही अक्षरं चिकटून राहिली आहेत. हे कळल्यावर त्या विसरल्या नाहीत. आपल्या वयाच्या माणसांना कारण सांगितलं की लक्षात राहतं, नुसतं घोकायला सांगितलं की राग येतो. माझ्या वर्गातल्या मुलांचंही तसंच आहे. एका पुठ्ठ्यावर मी मोठ्या अक्षरांत मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडून लिहून दिलं: मी मराठी बोलते, मला पिट्सबर्गला जायचं आहे, मला मधुमेह आहे, माझ्या मुलीचा आणि सुनेचा फोन नंबर हा. कंपनीचे उशिराचे निरोप फोनवर येतात. ते आईंच्या फोनवर न मागवता माझ्या आणि वन्संच्या फोनवर मागवले. निरोप वाचणारं माणूस घरी बसलेलंच बरं.

आणि एवढं सगळं झाल्यावर शनिवारी संध्याकाळी हवामानाची बातमी: मंगळवारी शिकागोत जोरदार बर्फ.

ह्यांनी डोक्याला हात लावला. पण इथे एक चांगली पद्धत आहे, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. मोठं वादळ येणार असं दिसलं की कंपन्या स्वतःहून जाहीर करतात की अमुक गावाहून जाणाऱ्यांनी तारीख फुकट बदलून घ्यावी. रविवारी सकाळी तशी सूचना निघाली. सात वाजता मी फोनशी बसले, साडेसातला आईंचं तिकीट सोमवारचं झालं, एक डॉलर न देता. दुपारपर्यंत सोमवारच्या जागा संपल्या होत्या. वाट बघत बसलं तर विमान रद्द होतं, मग पैसे परत मिळतात. २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे विमान रद्द झालं किंवा वेळापत्रकापेक्षा तीन तासांहून जास्त घोळ झाला, आणि आपण जायचं नाकारलं, तर पूर्ण पैसे परत करावे लागतात. पण आम्हाला पैसे नको होते, आईंना गुरुवारच्या आत पोचवायचं होतं.

सोमवारी पहाटे पाचला निघालो. आमच्या विमानतळाची एक मजा आहे. ओमाहाच्या मध्यातून तिथे जाताना मधेच आयोवा राज्य लागतं आणि संपतं, नदीने पूर्वी कधी पात्र बदललं त्याची ही करामत. आई म्हणाल्या, "राज्य ओलांडून स्टँडवर जायचं, हे नवीनच!" विमान जागचं हलायला पन्नास मिनिटं उशीर झाला, पंखांवरचं गोठलेलं दव काढायला नारिंगी रंगाचं औषध फवारतात. हे मी त्यांना आधी सांगून ठेवलं होतं, नाहीतर खिडकीवर नारिंगी पाणी ओघळताना पाहून घाबरल्या असत्या. शिकागोला सव्वादोन तासांतला दीडच तास उरला, शेवटी उतरण्यात वीस मिनिटं गेली. तरी वाटाड्या दारात हजर होती. हो, बाईच होती. तिला मराठी येत नव्हतं, आईंना तिची भाषा येत नव्हती. दोघी बोगद्यातून बोलत बोलत गेल्या म्हणे, आणि फाटकाशी पोचल्यावर आईंनी तिला पाच डॉलर आणि एक डिंकाचा लाडू दिला.

मंगळवारी शिकागोत ठरल्याप्रमाणे बर्फ पडला, आणि आईंचं मूळ विमान रद्द झालं. त्या वेळी त्या पिट्सबर्गच्या स्वयंपाकघरात नातवाला मऊभात भरवत होत्या. वन्संचं ऑपरेशन नीट पार पडलं. महिन्याभराने हिंडू-फिरू लागल्यावर दोघी तिथल्या टेकडीवरच्या व्यंकटेश्वराच्या देवळात जाऊन आल्या.

परतीचं तिकीट मी मुद्दाम काढलं नव्हतं. आजारपणात किती दिवस लागतील हे आधी कोण सांगणार? मार्चअखेर फोन आला. मी नेहमीप्रमाणे गावं, वेळा वाचून दाखवू लागले, तर आईंनी मधेच थांबवलं. "शिकागोच घे. मधे दोन तास ठेव, अडीच ठेवलेस तरी चालतील. आणि खुर्ची सांगायला विसरू नकोस. येताना घड्याळ मागे जातं ना? मग मी निघतानाच लावून ठेवते."